नाव बदललं आणि हक्क गेला: 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं प्रकरण

मराठी पुस्तक उघडलं की शीर्षकाच्या पानामागे बारीक टाइपात 'सर्व हक्क सुरक्षित' नाहीतर 'सर्व हक्क लेखकाधीन' असं छापलेलं दिसतं. ती ओळ कुणी वाचत नाही. आज ती छापायची राहून गेली तरी लेखकाचं फारसं बिघडत नाही. आपल्या १९५७च्या कायद्यात कॉपीराइट त्या ओळीमुळे मिळत नाही, कलाकृती तयार झाली की आपोआप मिळतो. १९६८च्या अमेरिकेत मात्र अशी एक ओळ गळाली आणि एक अख्खा चित्रपट त्याच्या निर्मात्यांच्या हातून निसटला. तो होता 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', आणि तो साधासुधा नव्हता. आज 'झोंबी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चालत येतं, पाय ओढत, हात पुढे करून, माणसाचं मांस खायला, ते सगळं त्या चित्रपटातून आलेलं आहे.

ही गोष्ट चित्रपटाच्या वर्तुळात हजारदा सांगितली गेली आहे, आणि प्रत्येक वेळी एकाच सुरात: बिचारा दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो, एका ओळीपायी कंगाल झाला. प्रकरण जरा उलगडून पाहिलं तर दिसतं की नुकसान एक नव्हतं, दोन होती. ती दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी झाली आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

दहा जणांची वर्गणी

पिट्सबर्ग हे पोलादाच्या भट्ट्यांचं शहर. न्यूयॉर्कात शिरायचं ते नाटकासाठी, लॉस एंजेलिसात शिरायचं ते सिनेमासाठी. पिट्सबर्गला कुणी या दोन्हींसाठी जात नसे. तिथे शिकायला आलेला रोमेरो शिक्षणानंतर तिथेच राहिला आणि रसेल स्ट्राइनर, जॉन रूसो या मित्रांबरोबर 'द लेटंट इमेज' नावाच्या कंपनीतून जाहिराती आणि कारखान्यांसाठी माहितीपट करू लागला. 'मिस्टर रॉजर्स' या मुलांच्या लाडक्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठीही त्याने चित्रीकरण केलं. टॉन्सिलचं ऑपरेशन कसं होतं हे मुलांना समजावणारा एक भाग त्यात होता. रोमेरो पुढे गमतीने म्हणत असे की आपण केलेली सगळ्यात भीतीदायक फिल्म तीच.

साबणाच्या जाहिराती करून कंटाळलेल्या या मंडळींनी ठरवलं की आता पूर्ण लांबीचा चित्रपट करायचा. भयपटच का, याचं उत्तर अगदी व्यापारी होतं. नट अनोळखी असले तरी भयपट विकला जातो. दहा जण एकत्र आले, प्रत्येकाने ६०० डॉलर काढले आणि 'इमेज टेन' नावाची कंपनी उभी राहिली. त्या वेळच्या साडेसात रुपयांच्या दराने धरलं तर माणशी साडेचार हजार रुपये. आपल्याकडे प्रायोगिक नाटकाचा ग्रुप जसा वर्गणी काढून पहिला प्रयोग लावतो, तसाच हा मामला. ६००० डॉलरमध्ये चित्रपट होत नाही हे उघडच होतं. मग आणखी भागधारक जमवत जमवत एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलरवर गेला. हॉलिवूडच्या हिशेबात हे चहापाण्याचे पैसे.

१९६७च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत, जाहिरातींची कामं सांभाळत, तुकड्यातुकड्यांनी चित्रीकरण झालं. पिट्सबर्गच्या उत्तरेला इव्हान्स सिटी म्हणून एक लहान गाव आहे, तिथे पाडायला काढलेलं एक शेतावरचं घर भाड्याने मिळालं. घराला नळ नव्हता. घर पाडायचंच असल्यामुळे खिडक्या फोडा, दारांना फळ्या ठोका, कुणी विचारणार नव्हतं. तळघराचे प्रसंग मात्र शहरातल्या आपल्या स्टुडिओच्या तळघरात उरकले. सुरुवातीचा कबरस्तानातला प्रसंग त्याच गावातला. त्यातली मोटार रसेल स्ट्राइनरच्या आईची. चित्रीकरण सुरू असताना तिला कुणीतरी ठोकर दिली आणि पोचा आला. आता मधल्या दृश्यात हा पोचा दाखवायचा कसा? मग नायिका ती मोटार झाडावर आदळवते, असा प्रसंग लिहून टाकला. आजही तो प्रसंग बघताना वाटतं की पटकथेची मागणीच होती. 

रक्ताचा प्रश्न चॉकलेट सिरपने सोडवला. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रंगाची चौकशी कोण करणार? आतडी आणि मांस एका खाटकाने पुरवलं, तो स्वतःच गुंतवणूकदार होता. जखमांसाठी मेण वापरलं, मृतदेह सजवणारे वापरतात तसलं. पार्श्वसंगीत नव्याने करायला पैसे नव्हते म्हणून तयार संगीताच्या संग्रहातून तुकडे विकत घेतले. कार्ल हार्डमन हा ध्वनिमुद्रणाची कंपनी चालवणारा गृहस्थ या चित्रपटात निर्माता आहे, चिडक्या बापाची भूमिका त्याचीच, रंगभूषेला हात त्याचा, स्थिरचित्रं त्याची, संगीताचे तुकडे निवडले त्याने, आणि तळघरात जी मुलगी शेवटी आईबापांवरच उठते ती खरोखरच त्याची मुलगी. त्याची व्यवसायातली भागीदार मॅरिलिन ईस्टमन ही पडद्यावर त्याची बायको झाली आणि मेकअपचं कामही तिने केलं. पहिलं प्रेत म्हणून जो चालत येतो तो बिल हिन्झमनही याच गोतावळ्यातला. बाकीची प्रेतं म्हणजे इव्हान्स सिटीचे रहिवासी, मित्र, ओळखीपाळखीचे ग्राहक.

हे तपशील मी मजेसाठी सांगत नाहीये (मजा आहेच, नाही कशी म्हणू). ज्या संस्थेत प्रत्येक माणूस चार कामं करतो, तिथे पाचवं काम कुणाचंच नसतं. कागदपत्रं, करार, शेवटची प्रिंट चौकटीगणिक तपासणं ही ती पाचव्या रांगेतली कामं.

नायकाच्या निवडीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बेनची भूमिका लिहिताना तो कोणत्या वर्णाचा हे पटकथेत नव्हतंच. चाचणीला आलेल्यांत ड्वेन जोन्स सगळ्यात चांगला वाटला म्हणून त्याला घेतलं. जोन्स कृष्णवर्णीय, रंगभूमीवरचा, इंग्रजीचं अध्यापन केलेला. बेनची लिहिलेली भाषा त्याला रांगडी वाटली, ती त्याने स्वतः सुधारून घेतली. शेवटी रात्रभर प्रेतांशी झुंजून जगलेला हा माणूस सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीला बळी पडतो, आणि नामावलीच्या मागे खरखरीत स्थिरचित्रं येतात: आकड्यांनी ओढलेलं त्याचं प्रेत, पेटलेली चिता. जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांची जुनी छायाचित्रं अमेरिकी प्रेक्षकाला त्यावरून आठवतात, हे वेगळं सांगायला नको. ४ एप्रिल १९६८ रोजी रोमेरो आणि मंडळी तयार प्रिंट मोटारीत टाकून न्यूयॉर्कला विकायला निघाली होती. वाटेत रेडिओवर बातमी आली की मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

एकाच चौकटीतल्या दोन गोष्टी

न्यूयॉर्कात दारं फटाफट लागली. कोलंबियाने नकार दिला. भयपटांचीच पेढी असलेल्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सला शेवट बदलून हवा होता. नायक जगला पाहिजे. मंडळींनी ते मानलं नाही. अखेर वॉल्टर रीड ऑर्गनायझेशनने चित्रपट आहे तसा घेतला. शेवटाला हात लावला नाही, नावाला लावला.

तोवर चित्रपटाला दोन-तीन नावं होऊन गेली होती. कामापुरतं 'मॉन्स्टर फ्लिक', मग 'नाइट ऑफ अनुबिस'. अनुबिस हा प्राचीन इजिप्तचा मृतांचा देव, पण तिकीट काढणाऱ्याला तो कोण ते कळणार नाही म्हणून ते मागे पडलं. वितरकाकडे गेलं ते नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. पण १९६४ साली 'द फ्लेश ईटर्स' नावाचा चित्रपट येऊन गेला होता, आणि नावावरून कज्जा होण्याची चिन्हं दिसू लागली. वितरकाने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हे नवं नाव ठेवलं, नवी शीर्षकाची पाटी बनवली आणि ती प्रिंटमध्ये जुन्या पाटीच्या जागी बसवली.

हक्काची ओळ जुन्या पाटीवरच होती, नावाच्या खाली. नाव गेलं तशी तीही गेली. नव्या पाटीवर फक्त नवं नाव आलं. कुणाचा डाव नव्हता, कुणी चोरी केली नव्हती. एकाच चौकटीत दोन गोष्टी लिहिल्या होत्या, त्यातली एक बदलायची होती, दोन्ही बदलल्या गेल्या.

त्या वेळी अमेरिकेत १९०९चा कॉपीराइट कायदा चालू होता. त्याची भूमिका आपल्या आजच्या समजुतीच्या अगदी उलटी होती. हक्क हवा असेल तर तसं जाहीर करा: 'कॉपीराइट' हा शब्द किंवा वर्तुळातला सी, आणि मालकाचं नाव. जाहीर न करता कलाकृती लोकांपुढे आणली तर ती लोकांची झाली. एखाद-दुसऱ्या प्रतीतून सूचना चुकून गळाली तर क्षमा होती, पण इथे गावोगाव गेलेल्या प्रिंट नवीच पाटी घेऊन गेल्या होत्या. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. पुढे चित्रपट देशभर पसरला आणि निर्मात्यांचा मालकी हक्क उडाला.

हीच चूक वीस-बावीस वर्षांनी झाली असती तर काही बिघडलं नसतं. १९७८पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गळालेली सूचना पाच वर्षांच्या आत नोंदणी करून आणि दुरुस्तीचा प्रयत्न करून सावरता येत होती, आणि १ मार्च १९८९पासून तर सूचनेची सक्तीच संपली.

गर्दी, आणि गर्दीचे पैसे

चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेत वयोगटाची प्रमाणपत्रं यायला महिनाभर अवकाश होता. ती पद्धत १ नोव्हेंबर १९६८ला सुरू झाली. त्यामुळे शनिवारच्या दुपारच्या खेळाला आईबापांनी नेहमीप्रमाणे पोरं आणून सोडली. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी अशा एका खेळाबद्दल लिहिलं आहे. आधी दंगा करणारी मुलं हळूहळू गप्प झाली, आणि शेवटी काही नुसती बसून रडत होती. 'व्हरायटी' या चित्रपटधंद्याच्या नियतकालिकाने तर चित्रपट बनवणाऱ्यांच्या आणि दाखवणाऱ्यांच्याही नीतिमत्तेवर बोट ठेवलं. या दोन्ही लेखांनी चित्रपटाची जेवढी जाहिरात केली तेवढी वितरकालाही जमली नसती.

पुढे तो मध्यरात्रीच्या खेळांना वर्षानुवर्षं चालला, युरोपात गाजला, आणि १९७० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो दाखवला. जगभरातली कमाई सुमारे ३ कोटी डॉलर झाली असा आकडा सर्रास दिला जातो. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी खर्चाच्या शेकडो पट.

निर्मात्यांच्या हाती त्यातलं फार थोडं आलं, आणि इथे मला थांबावंसं वाटतं. चित्रपटगृहात जो पैसा जमा झाला तो वॉल्टर रीडकडे जमा झाला. तिकीट काढणारा प्रेक्षक हक्काची ओळ तपासून पैसे देत नाही, आणि त्या पहिल्या वर्षांत थिएटरांना प्रिंट अधिकृत वितरकाकडूनच येत होत्या. म्हणजे हे पैसे अडले ते करारात आणि हिशेबाच्या वहीत. आपला वाटा मिळाला नाही म्हणून इमेज टेनने वितरकावर दावा लावला. पण वॉल्टर रीड कंपनीच पुढे दिवाळखोरीत निघाली, आणि ज्याच्याकडून वसूल करायचं त्याच्याकडेच काही उरलं नाही. पाटीवर ती ओळ ठळक अक्षरांत असती तरी या पैशांचं काही वेगळं झालं नसतं.

ओळीने झालेलं नुकसान नंतरचं आहे: दूरचित्रवाणी, व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी, पुढचे भाग, रिमेक. तेही मोठं आहे, कदाचित पहिल्यापेक्षा मोठं. पण 'एका ओळीने ३ कोटी घालवले' हे वाक्य ऐकायला चटपटीत असलं तरी खरं नाही.

आणि दुसरं नुकसान तरी टाळता येण्यासारखं होतं का? माझ्या मते होतं, आणि प्रिंट तपासण्याआधीच. अमेरिकी न्यायालयांनी १९०९च्या कायद्याखालीच एक वाट मोकळी ठेवली होती. प्रत्येक प्रतीवर हक्कसूचना असलीच पाहिजे, या अटीवरच प्रदर्शनाची परवानगी दिली असेल, आणि परवानगी घेणाऱ्याने सूचना न घालताच प्रती बाहेर काढल्या, तर तो अनधिकृत प्रकार ठरे आणि मूळ मालकाचा हक्क जात नसे. करारातलं एक कलम पडद्यावरच्या ओळीचा विमा होऊ शकत होतं. दुसरी गोष्ट तर फुकटची होती: सूचना एकाच चौकटीत न ठेवता शेवटच्या नामावलीतही घालायची. नाव बदलताना शेवटच्या नामावलीला कुणी हात लावत नाही.

फुकटची प्रसिद्धी

मालक नसलेला चित्रपट म्हणजे रस्त्याकडेचं चिंचेचं झाड. ज्याचा हात पोचेल त्याने पाडाव्यात. स्थानिक वाहिन्या रात्री उशिराची जागा भरायला तो लावत, कारण रॉयल्टी द्यावी लागत नसे. व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला तसा ज्याच्याकडे एक प्रिंट आणि एक यंत्र होतं त्याने आपली आवृत्ती काढली. काळी पडलेली, आवाज खरखरणारी, चौकट कापलेली. १९८६ साली हॅल रोच स्टुडिओजने चित्रपट रंगीत करून विकला. चॉकलेट सिरपला तेव्हा कुठे रंग आला. निर्माते ते थांबवू शकले नाहीत, आणि गंमत म्हणजे आपण भरलेल्या रंगांवर मात्र त्या कंपनीला स्वतःचा हक्क सांगता येत होता. १९९९ला रूसोने स्वतःच नवे प्रसंग घुसडून आणि नवं संगीत घालून तिसाव्या वाढदिवसाची आवृत्ती काढली. ती कुणाला फारशी आवडली नाही, मलाही नाही.

त्याआधी १९९० साली हक्क निदान नव्या रूपात परत मिळावा या हिशेबाने रंगीत रिमेक झाला होता. पटकथा रोमेरोची, दिग्दर्शन टॉम सॅव्हिनीचं. हा सॅव्हिनी १९६७ सालीच मेकअपला यायचा होता, पण सैन्याचा छायाचित्रकार म्हणून व्हिएतनामला गेला. रिमेक वाईट नाही. लोक मात्र अजून जुनाच बघतात.

वाटणी नावांचीही झाली. 'लिव्हिंग डेड' हे शब्द रूसोच्या वाट्याला गेले, म्हणून १९८५चा 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' त्या बाजूचा. रोमेरोच्या पुढच्या चित्रपटांच्या नावांत नुसतंच 'ऑफ द डेड' राहिलं: १९७८चा मनरोव्हिल मॉलमध्ये घडणारा 'डॉन', १९८५चा 'डे'. 'डॉन'ला इटलीचा दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो याचं पाठबळ मिळालं, कारण तोवर पहिल्या चित्रपटाने रोमेरोचं नाव दोन खंडांत केलं होतं. फुकट फिरलेल्या प्रिंटनी मिळवलेली पत इथे रोख झाली, असं म्हणायला जागा आहे.

याच्याही पुढे जाऊन बरेच जण म्हणतात की ती ओळ गळाली म्हणून झोंबी हा प्रकार सगळ्यांना मोकळा झाला. हे मला पटत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. रोमेरोने स्वतः रिचर्ड मॅथसनच्या १९५४च्या 'आय ॲम लेजंड' या कादंबरीवरून बीज उचलल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे. चित्रपटात तर 'झोंबी' हा शब्दही नाही. त्यांना 'घूल' म्हटलंय, अरबी गोष्टींतलं प्रेतभक्षक. झोंबी त्याआधी हैतीच्या लोककथांतला होता, मांत्रिकाने उठवलेला बिनमजुरीचा गुलाम. आपला वेताळही प्रेतातच शिरतो, पण तो निदान गोष्टी सांगतो आणि कोडी घालतो. पेन्सिल्व्हेनियाच्या प्रेतांना बोलणं नाही, मालक नाही, फक्त भूक आहे. चावलं की तुम्हीही तसेच, आणि मारायचं तर डोक्यातच. हे नियम हक्क शाबूत असते तरी कुणीही घेऊ शकलं असतं. फरक पडला तो एवढाच की चित्रपट इतका फुकट, इतका वारंवार, इतक्या पडद्यांवर दिसला की नियम सगळ्यांना पाठ झाले. २०१३ला 'गो गोवा गॉन' आला, २०२२ला आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला. डोंबिवलीतला झोंबी चावल्यावर काय होणार हे मराठी प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

१९९९ साली हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. २०१६ला म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि द फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून त्याची ४के आवृत्ती तयार केली. काम रोमेरोच्या देखरेखीखाली झालं आणि पुढल्याच वर्षी, जुलै २०१७मध्ये, तो गेला. २०१८ला क्रायटेरियन या जुने, नावाजलेले चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या कंपनीने ती आवृत्ती काढली, सोबत 'नाइट ऑफ अनुबिस' हे जुनं नाव असलेली कच्ची प्रतही. १९६८ला ती ओळ पाटीवर राहिली असती तर चित्रपटाचा हक्क २०६३ अखेरपर्यंत चालला असता. आज तो कुणीही उतरवून घेऊ शकतं, विकूही शकतं. नीट बघायचा असेल तर मात्र ती २०१८ची आवृत्तीच विकत घ्यावी लागते, कारण निगेटिव्ह पिट्सबर्गच्या मंडळींनी जपून ठेवली होती.